पिल्लाचा घास

एकलहरे,
३ ऑगस्ट

प्रफुल्ल,

सप्रेम जय भीम.

घरी फोन करणार नाही आणि तुम्हीही करू नका, असं सांगून गेलास, म्हणून पत्र लिहिते आहे. एकलहऱ्याहून देवळाली कॅम्प म्हणजे स्कूटरवर पाऊण तासाचा रस्ता, आणि मी पाकिटाला तिकीट चिकटवते आहे. पोस्टातल्या बाईने पत्ता वाचला आणि म्हणाली, "एवढ्या जवळ पत्र कशाला? जाऊन भेटून या की." तिला काय सांगणार? आमचा मुलगा लष्करात भरती झाला आणि लढाई घरच्यांशीच सुरू केली, असं?

कामाचं सांगते. जाताना चैतालीच्या हवाली जो डबा करून गेलास तो तिने कपाटावर सुटकेसच्या मागे ठेवला होता. पुण्याला कामावर परत जाताना माझ्या कानात म्हणाली, "आई, अधूनमधून पाणी शिंपड, पप्पांना सांगू नको." मला वाटलं तुझं कसलं तरी रोपटं असेल. नेमकं पंचमीच्या दिवशी झाकण काढलं तर शेवाळात अंडी! बाकीची काळी पडून बसलेली आणि एकातून इवलंसं नाक बाहेर आलेलं. मी अशी किंचाळले की शेजारची कुसाबाई हातातलं लाटणं घेऊन धावत आली.

तिने बघितलं आणि हातच जोडले. "मालनबाई, लय भाग्याच्या हाय तुम्ही. पंचमीला नागोबा घरात जन्मला!" मी म्हटलं, "हा नागोबा नाही. अमेरिकेचा बिनविषारी मक्याचा साप आहे, सरकारी कागद केलेला. आणि आमच्यात पंचमी नसते." तिने ऐकलं असेल तर शपथ. वाटीभर दूध ओट्यावर ठेवून गेली. मी त्याचा चहा केला.

तर तुझ्या त्या सापांच्या जोडीचं हे एवढं मागे राहिलं आहे. जोडी पप्पांनी मुंबईच्या माणसाला देऊन टाकली, यात माझा हात नव्हता, हे मी तुला किती वेळा सांगू? चांदवडचे पाहुणे चैतालीला बघायला आले आणि तुझ्या खोलीतली काचेची पेटी बघून पोह्यांच्या बशा तशाच ठेवून उठून गेले. त्या दिवसापासून पप्पांचं डोकं फिरलेलं होतं. तू शारीरिक चाचणीला गेलास आणि त्यांनी डाव साधला. मी काय दारात आडवं पडायला हवं होतं? "आई, तू गप्प बसलीस," म्हणालास. गप्प बसले म्हणून तर हे घर एवढी वर्षं उभं आहे.

पिल्लू परकराच्या नाडीएवढं आहे. मी त्याला हात लावणार नाही. तुझ्या साहेबांना विचारून त्याची सोय कर.

तुझी आई


एकलहरे,
२४ ऑगस्ट

प्रफुल्ल,

जय भीम. तुझं उत्तर नाही. रविवारी हातात फोन मिळतो तेव्हा चैतालीशी बोलतोस, आणि ती मला सांगते की दादाने असं असं करायला सांगितलं आहे. म्हणजे मी बाहेरची.

चैताली त्याचं खाणं देऊन गेली. बर्फात घातलेली उंदराची पिल्लं. मी ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली दडवली. पप्पांना श्रीखंडाचा डबा दिसल्यावर काय होणार होतं ते झालं. चमचा हातात घेऊनच बाहेर आले. मला वाटलं आता डबा, पिल्लू आणि मी, तिघंही रस्त्यावर. पण एवढंच म्हणाले, "हे काय हाय?" मी सांगितलं. पिल्लू आता तुझ्या काचेच्या पेटीत ठेवलं आहे, तिच्याजवळ जाऊन वाकून बघितलं. मग म्हणाले, "जिवंत हाय का?" आणि ड्युटीला गेले. तुला सांगायचं नव्हतं, पण हात चालतो आहे तर लिहिलं गेलं.

आता पिल्लाचं. ते खात नाही. गरम पाण्यात धरून उंदीर कोमट केला, चिमट्याने नाकासमोर हलवला, तर ते मान फिरवून घेतं. पुढ्यात ठेवून दिला, तर त्याच्यावरून चालत गेलं. मग तुझा निरोप आला की उंदराला पालीचा वास लावून बघा, रानात ही पिल्लं पालीच खातात. भिंतीवर पाल असते तेव्हा कुणाला नको असते. हवी होती तेव्हा सगळ्या ट्यूबलाइटच्या मागे. झाडू घेऊन स्टुलावर चढले, पडता पडता वाचले, आणि हाताला काय आलं तर शेपूट! त्या वळवळणाऱ्या शेपटीवर उंदीर घासला. पिल्लाने जीभ काढली, वास घेतला, आणि झोपायला गेलं.

अंगणवाडीत मी एवढी वर्षं काय केलं? वजनाच्या तक्त्यात लाल रेषेखालची पोरं घरून उचलून आणायची, मांडीवर घ्यायची, घास घास करत वर काढायची. तोंड न उघडणारं पोर माझ्या हातून सुटलेलं नाही. साहेबीण बाई तपासणीला आल्या की म्हणायच्या, मालनबाईंच्या अंगणवाडीत कुणी उपाशी दिसत नाही. आणि ही नाडी मला हरवते आहे.

त्याचं वजन मी ओट्यावरच्या काट्यावर करते. वाढत नाही. लिही काहीतरी.

तुझी आई


एकलहरे,
२१ सप्टेंबर

प्रफुल्ल,

जय भीम. पिल्लाने खाल्लं. म्हणजे मी खाऊ घातलं. तुझा धडा कामाला आला नाही, माझा आला.

त्याच्या पाठीचा कणा वरून दिसायला लागला होता. बाजूची कातडी सैल पडली होती. असं पोर समोर असताना अंधारात ठेवा, वाट बघा, हे तुझे निरोप ऐकत बसणारी बाई मी नाही. आधी एक उपाय करून बघितला, तो जमला नाही. काय ते विचारू नकोस. मग दुसरा केला. जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा कापला, कानशीने घासून अगदी गुळगुळीत करून घेतला, आणि त्याने तोंड हळूच उघडलं. एकाने पिल्लू धरायचं, दुसऱ्याने उंदराचं डोकं त्याच्या दातांत अडकवायचं, आणि मग दोघांनी श्वास रोखून गप्प बसायचं. हललं की ते थुंकतं. पहिल्यांदा थुंकलं, परत केलं, परत थुंकलं. धरणाऱ्याने नट आवळावा तसं आवळून धरलं होतं. आयुष्यभर लोखंड आवळलेला हात, आणि धरायची काय तर नाडी! मी म्हटलं, अहो, जरा सैल धरा. मग जे धरलं ते असं, की पिल्लाने एकदा मान वळवली आणि गिळायला लागलं.

मला रडू आलं, हे तुला सांगायला लाज कसली.

आता दर आठवड्याला भरवते. हात बसला आहे. पेटीला खालून ऊब लागते म्हणाला होतास, तीही झाली. वायर, रेग्युलेटर, सगळं चोख आहे. पॉवर स्टेशनमधल्या माणसाच्या हातचं काम आहे एवढं समज, काळजी करू नकोस.

वजन थोडं वर गेलं. चैतालीने सांगितलं, तुझं खाली गेलं आहे. तुमच्या मेसमध्ये पोटभर वाढतात ना? वारा इकडचा असला की तोफांचा आवाज इथवर येतो. आवाज आला की घरात एकजण टीव्ही बारीक करतो. ती तुमचीच पोरं असतात का रे?

तुझी आई


एकलहरे,
१२ ऑक्टोबर

प्रफुल्ल,

तुझं कार्ड मिळालं. पाच महिन्यांनी चार ओळी. मी त्या कुसाबाईला वाचून दाखवायला निघाले होते, बरं झालं आधी स्वतः वाचल्या.

"आई, भरवणं बंद कर. तू भरवतेस तोवर ते स्वतः खाणार नाही. छोट्या डब्यात उंदरासोबत ठेव, अंधार कर, सकाळपर्यंत झाकण उघडू नको. धरतं कोण, चैताली तर पुण्यात आहे? मी बरा आहे."

शाबास! आम्ही इथे जीव काढतो आहोत, आणि तुम्ही तिथून ऑर्डर सोडता. सुभेदार झालास का?

तू भरवतेस म्हणून ते खात नाही! ऐक मग. तू जन्मलास तेव्हा तुला दूध ओढायचीही ताकद नव्हती. डॉक्टरीण बाई म्हणाली, बघा बाई, प्रयत्न करा. मी माझंच दूध काढून चोचीच्या बोंडल्याने तुझ्या तोंडात थेंब थेंब सोडायचे. एकाने डोकं धरायचं आणि मी बोंडलं तिरकं करायचं. तेव्हा कुणी मला सांगितलं नाही की झाकण लावून सकाळपर्यंत वाट बघा. सांगितलं असतं तर आज तू कुणाला कार्डं लिहिली असतीस?

धरणाऱ्याचं नाव विचारलंस. तुला पिल्लाशी काम आहे की नावाशी? तेव्हा तुझं डोकं ज्याने धरलं त्यानेच आता धरलं, एवढं लिहिते. त्याने मला नाव लिहायचं नाही म्हणून बजावलं आहे, आणि मी लिहिलेलं नाही.

आणि आता निघालंच आहे तर तो पहिला उपायही सांगून टाकते. ते बोंडलं मी अजून ठेवलं आहे. अंड्याचा बलक पाण्यात पातळ करून त्याने पिल्लाला पाजायला गेले. दोनच थेंब. तर नाकातून बुडबुडे! एकजण धावत आला, पिल्लू उलटं धरलं, बोटाने तोंड पुसलं. ते बराच वेळ हललं नाही. बोंडल्याने एक वाचवला आणि एक माझ्याच हातून जाणार होता. तुला सांगणार नव्हते. सांगितलं.

कार्ड वाचून चिडले आणि हट्टाने त्याच दिवशी परत भरवलं. पिल्लाने गिळलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं ओकून टाकलं. आता समाधान झालं का तुझं?

आई


एकलहरे,
९ नोव्हेंबर

प्रफुल्ल,

जय भीम. भरवणं बंद केलं आहे. तुझं ऐकलं म्हणून नाही, ओकारीनंतर माझाच हात पुढे होईना.

तू सांगितलंस तसं केलं. छोटा डबा, झाकणाला भोकं, आत उंदीर आणि पिल्लू, वरून काळं फडकं. पण सकाळपर्यंत न बघता राहायचं, हे कुठल्या आईला जमतं ते मला दाखव. मी पाणी प्यायला उठले की फडकं वर. भाजी फोडणीला टाकली की फडकं वर. अंगणवाडीतही मी पोरांच्या ताटापुढून हललेली नाही. बघणारं कुणी असलं की पोर दोन घास जास्त खातं, हा माझा अनुभव आहे. हे पिल्लू उलट्या खोपडीचं निघालं. आपल्याकडे कुणी बघतं आहे असं वाटलं की याचं तोंड बंद.

परवा घरातल्या त्या एकाने स्कूटर काढली आणि म्हणाला, "चल, बस मागं. तू घरात असली तर ते मरंल, पण खायाचं नाय." कुठे जायचं ते सांगितलं नाही. नाशिकरोड मागे पडलं तेव्हा मला कळलं. कॅम्पच्या बाजारात गाडी लावली. चहा घेतला. रस्त्याने पोरं पळत गेली, सगळ्यांच्या डोक्यांची एकसारखी हजामत, सगळ्यांचे पांढरे बनियन. मी प्रत्येक तोंड बघत होते. तो बघत नव्हता, चहाच्या ग्लासात बघत होता. पोरं लांब गेल्यावर म्हणाला, "पाठीमागून तिसरा त्याच्यासारखा पळत व्हता." मी म्हटलं, गेटवर विचारू या का? "नको. त्यानं बोलावलं नाय."

दिवेलागणीला घरी आलो. मी चप्पल काढायच्या आधी फडकं उचललं.

प्रफुल्ल, त्याचं नाक उंदरावर होतं. तोंड उघडायला सुरुवात झाली होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ट्यूबचा उजेड पडला आणि ते चटकन वळून डब्याच्या कोपऱ्यात गोळा होऊन बसलं. परत उंदराजवळ आलंच नाही.

तो एकजण जेवताना ताटात नुसता हात फिरवून उठला. इतका राग आला आहे मला स्वतःचा, तुझा, त्या पिल्लाचा, की कुणाला धरून झोडावं कळत नाही. थंडी पडायला लागली आहे. वजन परत खाली. आता जे काही खायचं ते यानेच खायचं, नाहीतर राहिलं.

तुझी आई


एकलहरे,
३० नोव्हेंबर

प्रफुल्ल,

सप्रेम जय भीम.

आधी बातमी सांगते, म्हणजे तू घाईघाईने खाली वाचत जाणार नाहीस. पिल्लाने खाल्लं. स्वतः.

कसं ते ऐक. गेल्या शनिवारी डबा भरला, फडकं घातलं, आणि माझ्या समोरून उचलून लोखंडी कपाटात ठेवला गेला. मागच्या भोकातून ऊब देणारी वायर आत घेतली होती, त्याची तयारी आधीच करून ठेवलेली. कपाटाला कुलूप. मी म्हटलं, किल्ली? तर किल्ली कुसाबाईकडे! आणि कुसाबाई दारात नवं लुगडं नेसून उभी, सिन्नरला भाचीच्या लग्नाला निघालेली. "उद्या येते मालनबाई, लगीन लावून," म्हणाली आणि किल्ली कमरेला खोचून रिक्षात बसली. मी रिक्षामागे कोपऱ्यापर्यंत गेले. हसण्यावारी नेऊ नकोस, खरंच गेले.

माझ्याविरुद्ध रचलेलं हे सगळं कारस्थान होतं. संध्याकाळभर मी भांडले. कपाटाला कान लावला. वितळलेल्या उंदराचा वास येईल, मुंग्या लागतील, वायर गरम होईल, एक ना दोन. पलीकडून एकच उत्तर: "किल्ली सिन्नरला हाय." शेवटी मी भाकरी टाकल्या आणि आम्ही जेवलो. खरं सांगू, उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघं जेवताना बोललो. तुझ्यावरच बोललो. लहानपणी ताट घेऊन दाराच्या मागे जाऊन जेवायचास, कुणी बघितलं की ताट सरकवायचास, हे मी विसरून गेले होते. त्यांना आठवत होतं.

कुसाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी उगवली, लग्नातले लाडू आणि वाटीभर दूध घेऊन. दूध नागोबासाठी. मी तिच्या कमरेची किल्ली ओढूनच घेतली. कपाट उघडलं, फडकं काढलं. उंदीर नव्हता. डब्यात कुठेच नव्हता. आणि पिल्लाच्या मधोमध फुगवटा होता, नाडीला गाठ पडावी तसा. ते आमच्याकडे बघत होतं, पळालं नाही.

कुसाबाई म्हणाली, "माझ्या दुधाचा गुण." असू दे. या वेळी तिच्यासमोर मी त्याच दुधाचा चहा केला आणि तिनेही घेतला.

काल परत तसंच केलं, या वेळी किल्ली न देता. मी फडकं उचललं नाही. सकाळी उंदीर नव्हता.

मला आनंद झाला आहे असं तुला वाटत असेल. झाला. पण राग त्याहून जास्त आला आहे. एवढे महिने मी त्याच्यासाठी झिजत होते, आणि खाल्लं तेव्हा मला बघायलाही मिळालं नाही. तू पहिल्यांदा आपल्या हाताने जेवलास तेव्हाही मी अंगणवाडीत दुसऱ्यांच्या पोरांना खिचडी वाढत होते, घरी आले तर तुझ्या नाकाला वरण लागलेलं. माझ्या नशिबात नुसती रिकामी ताटं बघायची आहेत, दुसरं काय.

चैतालीने सांगितलं, पुढच्या महिन्यात तुमची शपथ घ्यायची कसम परेड आहे आणि घरच्यांची नावं तुम्ही द्यायची असतात. मी तिला विचारलं नाही की तू कुणाची नावं दिलीस. तुलाही विचारत नाही. हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला ते तुला कळणार नाही. कॅम्पात चहा प्यायलाही आता येणार नाही. तू बोलावशील तेव्हा येऊ.

पिल्लू तुझं आहे. येशील तेव्हा घेऊन जा, किंवा ठेव इथेच. आता त्याचा त्रास होत नाही.

घरातला एकजण मघापासून चष्मा लावून मागे उभा आहे, मी काय लिहिते ते वाचतो आहे. म्हणतो, कागद संपला का? संपला नाही. पेन देते त्याच्या हातात.

तुझी आई

प्रफुल्ल,

पिल्लू मीच धरलं होतं. तुझी आई उगाच एकजण एकजण लिहीत बसली.

मुंबईच्या माणसाकडे दोन वेळा जाऊन आलो. जोडी त्याने पुढे कुणाला तरी दिली, पत्ता देत नाही. अजून विचारतो आहे.

परेडचा पास एकच मिळणार असला तर आईचं नाव दे. मी तिला स्कूटरवर घेऊन येतो आणि गेटबाहेर थांबतो. तुला वेळ मिळाला तर बाहेर ये. नाही मिळाला तरी चालेल.

सहादू
(पप्पा)